गोठा आणि खुराडे : जिवंत लस आणि औषधाची पुडी



गेल्या महिन्यात धामणगाव तालुक्यातल्या एका भगिनीचे पत्र आले. अक्षर मुलीचे दिसते, मजकूर आईचा आहे. त्या लिहितात : "घरच्या सव्वाशे कोंबड्यांना टायफॉइडची लस टोचून घेतली. लसीचे पैसे भरले. तरी महिना-दीड महिन्यात चाळीस कोंबड्या गेल्या. शेजारी म्हणतात, लस म्हणजे नुसते पाणी. आता पुढच्या खेपेला लस द्यावी, की तेवढे पैसे दाण्याला घालावे ?"

"लस द्यावीच," असे एका ओळीचे उत्तर मला देता आले असते. पण त्याने या बाईंचे समाधान होणार नाही, आणि होऊही नये. आठवडी बाजारात दोन कोंबड्या विकल्या की घरात तेलमीठ येते, मुलांच्या वह्या येतात. अशा चाळीस कोंबड्या ज्या घरातून गेल्या, त्या घराला कारण विचारण्याचा हक्क आहे.

मी त्यांना उलट टपाली एकच प्रश्न विचारला : लस टोचल्यावर पाण्यातून काही औषध दिले होते काय ? आठ दिवसांत उत्तर आले. होय, कोंबड्यांना ताण येऊ नये म्हणून पाच दिवस पुडी दिली होती.

हा प्रश्न मला माझ्या हुशारीने सुचला नाही. हीच चूक एकदा माझ्या तोंडून झाली होती, आणि तिची किंमत दुसऱ्याने भरली होती. ती हकीकत आधी सांगतो.

माझी चूक

काही वर्षे झाली. धामणगावहून यवतमाळच्या रस्त्याला लागले की थोडे आत एक गाव आहे. तिथल्या एका बाईंनी बचत गटाचे कर्ज काढून सुधारित गावरान जातीची तीनशे पिल्ले आणली. घरची जमीन थोडी, तीही कोरडवाहू. मोठी मुलगी अमरावतीला नर्सिंग शिकत होती, आणि तिची फी या कोंबड्यांतून भरायची असा हिशोब होता. आधीच्या खेपेत निम्मी पाखरे टायफॉइडने गेली होती. म्हणून या खेपेला पशुवैद्यक डॉक्टरांनी टायफॉइडची जिवंत लस बाहेरून मागविली, बर्फावर ठेवून आणली आणि सात आठवड्यांच्या तलंगांना स्वतः उभे राहून टोचली.

दुसऱ्या दिवशी मी बोंडअळीचे कामगंध सापळे पाहायला त्याच गावात गेलो होतो. पाराजवळ बाई भेटल्या. हातात पिशवी, पिशवीत औषधाच्या पुड्या.

"साहेब, लस तं देल्ली. आता दुकानदार म्हनते का पाच दिवस हे पुडी पाण्यात द्या, पाखराइले ताप येत नाही. देऊ का ?"

मी म्हणालो, "द्या ना बाई. फायदा नाही झाला तरी नुकसान तर काही नाही !"

मी शेतकी पदवीधर. कपाशीचे पान पाहून कीड सांगेन, पण कोंबडीच्या पोटातले मला काय कळते ? "डॉक्टरांना विचारा," एवढे दोन शब्द बोललो असतो तरी पुरे होते. पण गावात आपल्याला 'साहेब' म्हणतात, आणि साहेबाला प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आलेच पाहिजे असे आपल्यालाही वाटू लागते.

पाच आठवड्यांनी, दिवाळीच्या तोंडावर, त्या खुराड्यात मर लागली. पाखरे कोपऱ्यात पिसे फुलवून बसत, दाणा सोडीत, पाण्यावर मात्र तुटून पडत. तुरे फिके पडले. विष्ठा पातळ, गंधकासारखी हिरवट पिवळी. डॉक्टरांनी मेलेली कोंबडी फाडून पाहिली तेव्हा मी तिथेच होतो. यकृत सुजलेले, आणि जुन्या पितळी भांड्यावर कळा चढते तसा हिरवट तांबूस रंग त्याला आलेला. पाणथरीही सुजलेली. डॉक्टरांनी विचारले, "लस टोचल्यावर पाण्यातून काही सुरू केले होते काय ?"

बाईंनी माझ्याकडे पाहिले. त्या काही बोलल्या नाहीत. मीच सांगितले.

डॉक्टर म्हणाले, "ती जिवंत जंतूंची लस होती. त्या जंतूंना कोंबडीच्या अंगात थोडे दिवस राहायचे होते. तुम्ही दुसऱ्याच दिवशी त्यांना मारायचे औषध पाजले. मर फक्त त्यानेच लागली असे मी शपथेवर सांगणार नाही. पण लसीला जगूच दिले नाही, तर कोंबडीला शक्ती यायची कोठून ?"

एकशेतीस पाखरे खड्ड्यात गेली. मुलीची त्या सहामाहीची फी बाईंनी कानातले गहाण ठेवून भरली. हे मला त्यांनी सांगितले नाही. तिसऱ्याच माणसाकडून कळले. त्यानंतर मी या विषयावरचे मिळेल ते वाचले आणि डॉक्टरांना विचारून विचारून समजून घेतले. तेच आज तुमच्यापुढे ठेवतो.

लस म्हणजे काय ?

लस म्हणजे औषध नव्हे. औषध अंगात शिरलेल्या रोगाला मारते. लस रोग येण्याआधी शरीराला रोगाची ओळख करून देते, म्हणजे खरा रोग आला की शरीर गाफील राहत नाही.

लशी मुख्यतः दोन प्रकारच्या असतात. एकीत रोगाचे जंतू मारून घातलेले असतात. ती मेलेली लस. दुसरीत जंतू जिवंत असतात, पण त्यांचा जोर काढून घेतलेला असतो. ती जिवंत लस. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर मस्तवाल गोऱ्हा आणि खच्ची केलेला बैल यांच्यात जो फरक, तोच रोगाच्या जंतूत आणि लसीतल्या जंतूत. शिंगे तीच, वशिंड तेच, पण बैल अंगावर धावून येत नाही. कोंबडीचे शरीर त्या बैलाला पाहून गोऱ्ह्याचे रूप ओळखायला शिकते.

मात्र हे शिकणे एका दिवसात होत नाही. टोचलेले जंतू काही दिवस अंगात राहतात, थोडे वाढतात, शरीर त्यांच्याशी झुंजते, आणि त्यातून शक्ती तयार होते. त्याला साधारण दोन ते तीन आठवडे लागतात. हे दिवस फार महत्त्वाचे. आमची चूक झाली ती याच दिवसांत.

ही विद्या कोंबडीपासूनच निघाली

प्रयोगशाळेत रोगजंतूचा जोर कमी करून त्याचीच लस करायची, ही युक्ती जगाला प्रथम कोंबडीने शिकविली. १८७९ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर कोंबड्यांच्या कॉलऱ्यावर काम करीत होते. ते कोंबडीच्या मांसाच्या रश्श्यात या रोगाचे जंतू वाढवीत. ताजे जंतू टोचले की कोंबडी लवकरच मरे. त्या उन्हाळ्यात काम थांबले आणि जंतूंचे काही रस्से तसेच पडून राहिले. पुढे ते जुने रस्से टोचले, तर कोंबड्या किंचित आजारल्या आणि बऱ्या झाल्या. मग त्याच कोंबड्यांना ताजे, जालीम जंतू टोचले. नव्या कोंबड्या मेल्या, पण आधी जुना रस्सा टोचलेल्या जगल्या. पडून राहिल्याने जंतूंचा जोर ओसरला होता, ओळख मात्र गेली नव्हती. पाश्चर यांनी हे १८८० साली जगापुढे मांडले. पुढच्याच वर्षी त्यांनी मेंढ्यांच्या फाशीवर अशीच लस करून जाहीर प्रयोगात खरी करून दाखविली.

त्यानंतर दहा वर्षांच्या आत हे शास्त्र आपल्या दाराशी आले. जनावरांच्या साथींचा अभ्यास करण्यासाठी सरकारने १८८९ साली पुण्यात इंपीरियल बॅक्टेरिऑलॉजिकल लॅबोरेटरी सुरू केली. १८९३ साली ती हिमालयातल्या मुक्तेश्वरला हलविली. आजची भारतीय पशुवैद्यकीय संशोधन संस्था ती हीच. पुण्यात औंधला आज राज्य सरकारची पशुजैव पदार्थ निर्मिती संस्था आहे. कोंबड्यांच्या राणीखेतीची लस तिथे तयार होते.

कोंबडीच्या कॉलऱ्याचा जंतू आपल्याला परका नाही. पावसाळ्याच्या आधी आपण म्हशींना घटसर्पाची लस टोचून घेतो. घटसर्पाचा जंतू आणि कोंबडीच्या कॉलऱ्याचा जंतू एकाच जातीचे, पोटभेद तेवढा वेगळा. म्हणून म्हशीची लस कोंबडीला चालत नाही. आणि माणसाची पटकी तर निराळाच रोग आहे. नावाचे साम्य तेवढे. अमेरिकेत कोंबडीच्या कॉलऱ्यावर जोर काढलेल्या जंतूंच्या जिवंत लशी पंखाच्या पातळ कातडीत टोचून देतात.

टायफॉइडच्या जिवंत लसीचे नाव '९ आर'. इंग्लंडमधील विल्यम्स स्मिथ या शास्त्रज्ञांनी १९५६ साली तिची माहिती प्रसिद्ध केली. या जंतूच्या अंगावरचे नेहमीचे आवरण अपुरे असते, म्हणून त्याला कोंबडीत फारसा रोग करता येत नाही. ती कातडीखाली टोचतात. याशिवाय कोंबड्यांची जुनाट सर्दी, म्हणजे नाक वाहणे, घशात घरघर, अंडी कमी होणे, हा मायकोप्लाझ्मा नावाच्या बारीक जंतूचा रोग आहे. त्यावरही जिवंत लशी निघाल्या आहेत. त्या मोठ्या अंड्यांच्या फार्मवर वापरतात.

जंतू वेगळा, विषाणू वेगळा

आता मूळ मुद्द्यावर येतो. पुडी दिल्याने लस मरते, तर इतकी वर्षे लोक लसीबरोबर पुडी देतच आले, त्यांच्या सगळ्या लशी वाया गेल्या काय ? नाही. आणि गफलत होते ती इथेच.

आपल्याकडे खेड्यात सर्वांत जास्त दिली जाते ती मानमोडीची, म्हणजे राणीखेतीची लस. लहान पिल्लांना लासोटाचा थेंब डोळ्यात किंवा नाकात, आणि मोठी झाल्यावर आर-टू-बीचे टोचण. राणीखेत आणि कोंबड्यांच्या देवी हे विषाणूंचे रोग. विषाणू ही जंतूहून फार लहान आणि निराळी वस्तू. अँटिबायोटिक औषधाने जंतू मरतात, विषाणू मरत नाही. म्हणून राणीखेतीची लस टोचून वर अँटिबायोटिकची पुडी दिली, तर लसीचे काही बिघडत नाही. लोकांनी वर्षानुवर्षे हेच पाहिले आणि पुडी द्यायची सवय लागली. दुकानदाराला सवय लागली, आम्हालाही लागली.

पण टायफॉइड आणि कॉलरा हे जंतूंचे रोग. त्यांच्या जिवंत लसीत जंतूच असतो. अँटिबायोटिकला रानटी जंतू कोणता आणि माणसाळलेला कोणता, हे कळत नाही. ते दोघांनाही सारखेच मारते. गवत मारायचे औषध पिकात चुकीचे पडले तर ते तणाबरोबर पीकही जाळते, तसेच हे. एका लसीला चालणारी रीत दुसरीला चालत नाही, ही गोष्ट आम्ही विसरलो होतो.

मेलेल्या लसीत मारायला काही उरलेलेच नसते, म्हणून तिला पुडीची भीती नाही. तेव्हा खुराड्यात कोणतीही लस आली की दोनच प्रश्न विचारावे. ही जिवंत की मेलेली ? आणि जंतूची की विषाणूची ? दोन्ही उत्तरे "जिवंत" आणि "जंतूची" अशी आली, तर पुडी कपाटात कुलपात ठेवावी.

हाच नियम घरात आणि गोठ्यात

जिवंत जंतूची लस फार दूरची वाटत असेल, तर आपल्या डाव्या दंडाकडे पाहा. तिथला लहानसा वण बी.सी.जी.चा. क्षयरोगाची ही लस जिवंत जंतूंचीच आहे. काल्मेत आणि गेरँ या दोघा फ्रेंच संशोधकांनी १९०८ पासून तेरा वर्षे, दोनशेतीस वेळा एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात वाढवून त्या जंतूचा जोर उतरविला. १९२१ साली ती प्रथम एका बाळाला दिली गेली. ते दोघे शास्त्रज्ञ. त्यातले गेरँ पशुवैद्यक होते, हे ऐकून आपल्या डॉक्टरांना अभिमान वाटेल.

गोठ्यातही हेच आहे. गाई-म्हशींचा सांसर्गिक गर्भपात, म्हणजे ब्रुसेलोसिस. त्याची 'एस १९' ही लस जिवंत जंतूंची. ती फक्त चार ते आठ महिन्यांच्या वासरीला आणि वगारीला, आयुष्यात एकदाच देतात. २०१९ पासून केंद्र सरकारच्या कार्यक्रमात ती देत आहेत. वासरीला त्या दिवसांत अँटिबायोटिकची सुई चालू असेल, तर टोचणाऱ्याला आधी सांगावे. ही लस घरच्या माणसाने कधीही टोचू नये. चुकून स्वतःच्या हाताला सुई लागली, तर माणसाला तो रोग होऊ शकतो.

टोचणीच्या वेळी पाळायच्या गोष्टी

१. लस निरोगी पाखरांनाच द्यावी. खुराड्यात आधीच मर लागली असेल, पाखरे झोपाळलेली असतील, तर आधी डॉक्टरांना दाखवावे. लागलेला रोग लसीने बरा होत नाही.

२. जंतूची जिवंत लस द्यायची असेल, तर आधीचे काही दिवस आणि नंतरचे काही दिवस पाण्यात किंवा दाण्यात अँटिबायोटिक नको. किती दिवस, ते कुपीबरोबरच्या चिठ्ठीत छापलेले असते. ती चिठ्ठी फेकू नये. इंग्रजीत असली तर शाळेतल्या मुलाकडून वाचून घ्यावी, नाहीतर डॉक्टरांना विचारावे.

३. विकतच्या खाद्यात औषध मिसळलेले असू शकते. पोत्यावरची चिठ्ठी पाहावी. आपण पुडी दिली नाही म्हणजे औषध पोटात गेले नाही, असे समजू नये.

४. लस थंड ठेवावी. धामणगावच्या मे महिन्याच्या उन्हात माणूस टिकत नाही, तिथे कुपीतला नाजूक जंतू काय टिकणार ? आणताना थर्मासमध्ये बर्फ हवा. सायकलच्या पिशवीत, सदऱ्याच्या खिशात, एस.टी.च्या टपावर लस आणू नये. आणल्यावर फ्रिजच्या खालच्या भागात ठेवावी. बर्फाच्या कप्प्यात ठेवायची की नाही, ते चिठ्ठी सांगेल.

५. टोचणी सकाळी लवकर किंवा दिवस कलल्यावर करावी. उन्हात कुपी उघडी ठेवू नये. लसीबरोबर आलेल्या द्रावणातच ती कालवावी, नळाच्या किंवा बोअरच्या पाण्यात नव्हे. कालवलेली लस एक-दोन तासांत संपवावी. उरलेली उद्यासाठी ठेवू नये.

६. सुया आणि पिचकारी पाण्यात उकळून गार करून घ्याव्या. त्यांना स्पिरिट, डेटॉल, फिनेल लावू नये. सुईवर राहिलेला थेंबही जिवंत लसीला मारतो.

७. लस पाण्यातून द्यायची असेल, तर त्या दिवशी पाण्यात ब्लीचिंग पावडर, क्लोरीनची गोळी किंवा पोटॅशचे जांभळे पाणी नको. हा नियम राणीखेतीच्या विषाणूच्या लसीलाही लागू आहे.

८. टायफॉइडची लस साधारण सहा आठवड्यांच्या पुढे देतात, आणि अंड्यावर येण्याआधी पुन्हा एकदा. नेमका काळ त्या त्या लसीवर अवलंबून असतो. तो डॉक्टरांनी ठरवावा.

९. घरात एक वही करावी. तारीख, लसीचे नाव, कुपीवरचा क्रमांक, मुदतीची तारीख, आणि त्या महिन्यात दिलेले प्रत्येक औषध लिहावे. त्या बाईंकडे वही असती तर डॉक्टरांना माझे तोंड पाहावे लागले नसते.

पाच कोंबड्यांच्या घराने काय करावे ?

आता कोणी म्हणेल, "साहेब, आमच्या डालग्याखाली पाच कोंबड्या आणि एक कोंबडा. आम्ही हे सगळे करावे काय ?" नाही. पाच-दहा कोंबड्यांच्या घराने आधी राणीखेतीची आणि देवीची लस वेळेवर घ्यावी. आपल्या खेड्यांत सर्वांत जास्त घरे रिकामी होतात ती मानमोडीने. शेजारच्या दहा घरांनी एक दिवस ठरवून पशुवैद्यक दवाखान्याला कळविले, तर एक कुपी सगळ्यांना पुरते आणि वायाही जात नाही.

टायफॉइडची लस ज्या खुराड्यात तो रोग पूर्वी झाला आहे, किंवा ज्या घरी शे-दोनशे पाखरे एका छपराखाली आहेत, त्यांचा विषय आहे. ती लस आपल्या भागात मिळते काय, आणि आपल्या कळपाला हवी काय, हे पशुवैद्यकच पाहून सांगतील. जी पाखरे अंड्यासाठी ठेवली आहेत, त्यांच्याबाबत तर त्यांना विचारल्याशिवाय काही करू नये.

लसीने काय होत नाही

लस ही भिंत आहे, पण दार उघडे ठेवले तर भिंतीचा काय उपयोग ? टायफॉइडमधून वाचलेली कोंबडी वरून ठणठणीत दिसते, पण अंगात जंतू बाळगते आणि अंड्यातून पिल्लाला देते. म्हणून वाचलेल्या कोंबडीची अंडी उबवायला ठेवू नयेत. बाजारातून आणलेली कोंबडी दोन-तीन आठवडे वेगळी ठेवावी. उंदीर आणि घुशी रोग एका खुराड्यातून दुसऱ्यात नेतात. त्यांचा बंदोबस्त करावा. मेलेले पाखरू नाल्यात टाकू नये, कुत्र्यापुढे टाकू नये. खोल खड्डा करून वर चुना टाकून पुरावे. खुराड्यातली तूस बदलावी, पाण्याची भांडी रोज घासावी.

माणसाचा टायफॉइड वेगळ्या जंतूचा असतो, त्यामुळे कोंबडीच्या टायफॉइडने घरात भीती धरण्याचे कारण नाही. पण त्याच कुळातले दुसरे जंतू अंड्या-मांसातून माणसाला जुलाब लावतात. अंडे नीट शिजवावे आणि खुराड्यातून आल्यावर हात साबणाने धुवावे.

आणखी एक. एकाच दिवसात पुष्कळ कोंबड्या पटापट मेल्या, तर हा टायफॉइडच असेल असे घरी बसून ठरवू नये. २००६ साली फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू निघाला. अशी मर दिसली तर त्याच दिवशी पशुवैद्यक दवाखान्याला कळवावे. मेलेले पाखरू तपासण्यासाठी कसे पाठवायचे ते डॉक्टर सांगतील. आपल्या वऱ्हाडात अकोल्याला पशुवैद्यकाची स्नातकोत्तर संस्था आहे, अमरावतीला जिल्ह्याचा मोठा दवाखाना आहे. एक कोंबडी फाडून पाहिली, तर शंभर कोंबड्यांचे औषध अंदाजाने करावे लागत नाही.

पुडीची सवय

शेवटी पुडीविषयी दोन शब्द. अँटिबायोटिक वाईट नाही. डॉक्टरांनी रोग ओळखून, मात्रा ठरवून दिले, तर ते पाखरू वाचविते. वाईट आहे ती रोग नसताना, ताण येऊ नये म्हणून, वाढ चांगली व्हावी म्हणून रोज देण्याची सवय. तिने जंतू औषधाला निगरगट्ट होतात, आणि तेच निगरगट्ट जंतू उद्या आपल्या मुलांच्या दवाखान्यात भेटतात. म्हणूनच २०१९ साली सरकारने कोलिस्टिन नावाचे औषध अन्नासाठी पाळलेल्या जनावरांना आणि कोंबड्यांना वापरण्यास बंदी केली. माणसाच्या बिकट आजारात शेवटचा आधार म्हणून ते राखून ठेवायचे आहे. चांगली लस आणि स्वच्छ खुराडे असले की पुडीची गरज आपोआप कमी होते. लस आणि पुडी यांची जागा अशी वेगवेगळी आहे.

तेव्हा पत्र लिहिणाऱ्या भगिनीस माझे उत्तर असे. तुमची लस पाणी नव्हती. ती जिवंत होती, आणि बहुधा पुडीने ती वाया गेली. त्यात दोष तुमचा नाही. तुम्हाला तसे सांगणारे होते. पुढच्या खेपेला पैसे दाण्यालाही घाला आणि लसीलाही घाला, फक्त पुडीचे वाचवा. आणि टोचणीच्या आधी डॉक्टरांना वहीतली औषधांची यादी दाखवा.

त्या यवतमाळ रस्त्यावरच्या बाईंनी दुसऱ्या वर्षी पुन्हा पिल्ले आणली. या खेपेला दोनशेच. डॉक्टर लस घेऊन आले तेव्हा मीही मुद्दाम गेलो होतो. बाईंनी खुराड्याच्या दारात उभे राहून आधी विचारले, "डॉक्टरसाहेब, हे जित्ती हाय का मेली ?" डॉक्टर म्हणाले, "जित्ती." मग त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मंग साहेब, पंधरा-वीस दिवस पुडीचं नाव काढू नका बरं."

मी नाव काढले नाही. ती पाखरे अंड्यावर आली. कानातले सुटायला मात्र आणखी दीड वर्ष लागले.

पुढील अंकी : पावसाळ्याआधी शेळ्यांची काळजी.